नाटकाचं नाव नको, संपादकाचं नाव विचार

*ताई, मी चिपळूणची. यंदा इंग्रजी घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. नाटकाच्या पेपरला ‘किंग लिअर’, मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’, इब्सेनचं ‘अ डॉल्स हाऊस’ आणि कालिदासाचं ‘शाकुंतल’ अशी चार नाटकं आहेत. चारही चांगल्या आवृत्तीत नवी घ्यायची तर बाबांना आत्ता जड जाईल. कॉलेजातल्या एका सीनियरने तिची चारही पुस्तकं मिळून ८०० रुपयांना देऊ केली आहेत. ‘लिअर’ला कव्हर नाही, सुरुवातीची पानंही नाहीत, पण ती म्हणते आर्डन मालिकेतलंच आहे. ‘फॉस्टस’ न्यू मर्मेड्स मालिकेचं, रोमा गिल यांनी संपादित केलेलं. ‘डॉल्स हाऊस’मध्ये पानोपानी पिवळा हायलायटर. ‘शाकुंतल’ काळ्यांचं, कडा कुरतडलेल्या. मैत्रीण म्हणते, गाईड घे, नाटक नेटवर फुकट आहे. मामाकडे आजोबांच्या वेळचा व्हेरिटीचा ‘लिअर’ आहे. तो म्हणतो, तोच वापर, शेक्सपिअर काय बदललाय का? मुंबईला जाऊन फाउंटनला शोधू का? आणि सीनियरला नाही कसं म्हणू? तिने मला नोट्स दिल्यात, खूप मदत केली आहे.*

मामांना नमस्कार सांग, आणि सांग की हो, शेक्सपिअर बदललाय. ‘लिअर’पुरता तर नक्कीच.

जुनं पुस्तक विकणारा, मग तो फुटपाथवरचा असो नाहीतर तुझी सीनियर, नाटकाच्या नावावर विकतो. ‘लिअर आहे, शंभर रुपये.’ अभ्यासाची आवृत्ती घेणाऱ्यानं मात्र संपादकाच्या नावावर घ्यायची असते. नाटक फुकट मिळतं, तुझ्या मैत्रिणीचं तेवढं खरं आहे. आपण पैसे मोजतो ते कुणीतरी पंधरा-वीस वर्षं त्या एका नाटकाशी झटापट करून लिहिलेल्या टिपांचे, आणि त्यानं कुठला पाठ, म्हणजे मजकुराचं कुठलं रूप, निवडलं याचे. कव्हर फाटकं आहे की धड, हा प्रश्न त्यानंतरचा.

‘लिअर’वर जरा जास्त वेळ थांबते, कारण तुझं सगळ्यात कोड्यात टाकणारं पुस्तक तेच आहे. शेक्सपिअर जिवंत असताना, १६०८ साली, हे नाटक सुटं छापलं गेलं, ती क्वार्टो. तो गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या नाटकांचा मोठा संग्रह निघाला, तो फोलिओ. दोन्हींतला ‘लिअर’ एक नाही. क्वार्टोतल्या तीनशेच्या आसपास ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतल्या शंभरेक ओळी क्वार्टोत नाहीत. आणि गळालेल्या ओळी काही किरकोळ नाहीत. वादळाच्या रात्री भ्रमिष्ट लिअर एका स्टुलालाच थोरली मुलगी गॉनरिल समजून तिच्यावर खटला भरतो, तो सबंध प्रसंग फक्त क्वार्टोत आहे. उलट, धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, कलेवर समोर असताना ‘तिथे बघा, तिथे बघा’ म्हणत लिअर प्राण सोडतो ते फोलिओतलं. क्वार्टोत हे शब्दच नाहीत. नाटकातलं शेवटचं भाषण क्वार्टोत लिअरचा जावई अल्बनी याच्या तोंडी आहे, फोलिओत ग्लॉस्टर या सरदाराचा मुलगा एडगर याच्या. राज्य पुढे कोण चालवणार, यावर दहा मार्कांचा प्रश्न आला तर हा फरक छोटा नाही.

अठराव्या शतकापासून संपादकांनी दोन्ही एकत्र करून एकच भलामोठा ‘लिअर’ तयार केला, आणि आपल्याकडच्या कित्येक पिढ्या तोच वाचत आल्या. १९८६ मध्ये ऑक्सफर्डनं दोन्ही वेगवेगळे छापले. तेव्हापासून प्रत्येक संपादकाला आपली बाजू ठरवावी लागते, आणि तुझ्या हातातलं पुस्तक कुठल्या बाजूचं आहे हे तुला माहीत असावं लागतं.

आता ते बिनकव्हरचं पुस्तक हातात घे. सुरुवातीची पानं नसली तरी चालेल, पुस्तक स्वतःची ओळख आतून सांगतं. आधी तिसऱ्या अंकाचा सहावा प्रवेश उघड, तोच तो स्टुलावरच्या खटल्याचा. संवादांमध्ये शब्दांच्या किंवा ओळींच्या आगेमागे वर उचललेलं बारीक ‘क्यू’ किंवा ‘एफ’ हे रोमन अक्षर दिसतंय का? दिसत असेल तर डोळे झाकून घे: ती आर्डनची तिसरी मालिका, आर. ए. फोक्स यांनी संपादित केलेली, १९९७ची. कुठला मजकूर क्वार्टोतला आणि कुठला फोलिओतला, हे वाचता वाचता कळावं म्हणून त्यांनी ही खूण वापरली. एम.ए.ला यापेक्षा सोयीचा ‘लिअर’ मला माहीत नाही. ती अक्षरं नाहीत, खटला मात्र जागच्या जागी आहे आणि पानाच्या खाली बारीक टाइपात भरगच्च टिपा आहेत, तर बहुधा आर्डनचीच दुसरी मालिका, केनेथ म्यूर यांची, मूळ १९५२ची. टिपा अजूनही उत्तम, पण दोन्ही पाठांची ती जुनी गोळाबेरीज. घ्यायला हरकत नाही, मात्र किंमत त्या मानानं.

खटल्याचा प्रसंग पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात टाकला असेल तर सीनियरचा समज चुकीचा आहे, ते केंब्रिजचं असणार, जे एल. हॅलिओ यांनी फोलिओवरून केलेलं. आणि पुस्तकात अंकच नाहीत, नुसते प्रवेश एकापुढे एक क्रमांकानं दिलेत, असं दिसलं तर तो स्टॅन्ली वेल्स यांचा ऑक्सफर्डचा क्वार्टो. संपादन नावाजण्यासारखं आहे, पण सर वर्गात ‘थ्री-सिक्स काढा’ म्हणाले की तू पानं उलटत बसशील. शिवाय ‘लिअर’मध्ये गद्य भरपूर, गद्याच्या ओळी पानाच्या रुंदीवर अवलंबून असतात, त्यामुळे ओळ-क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात. सर कुठली प्रत वापरतात हे त्यांना एकदा सरळ विचार. प्राध्यापकांना हा प्रश्न आवडतो. वर्षात एखादाच विद्यार्थी विचारतो.

मामांचा व्हेरिटी टाकून देऊ नकोस. केंब्रिजच्या शालेय मालिकेसाठी ए. डब्ल्यू. व्हेरिटी यांनी केलेल्या आवृत्त्यांवर आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांचं इंग्रजी पोसलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ, व्याकरणाची गाठ, हे त्यांच्याइतक्या निगुतीनं सांगणारे कमी. पण त्या काळी शाळेसाठीच्या पुस्तकांतून अचकटविचकट ओळी गाळायची रीत होती. पहिलंच पान बघ. ग्लॉस्टर आपल्या अनौरस मुलाची, एडमंडची, ओळख करून देताना त्याच्या जन्माबद्दल जो चावट विनोद करतो, तो पुरता आहे का? तिथेच कात्री लागली असेल तर विदूषकाच्या आणि वेड्या भिकाऱ्याच्या, पुअर टॉमच्या, तोंडचं किती उडालं असेल याचा अंदाज कर. एडमंडची सगळी चीड त्या विनोदातून उगवते, आणि तोच नाही म्हटल्यावर प्रकरण अवघड. म्हणून व्हेरिटी शब्दार्थांपुरता शेजारी ठेव. जमलं तर वाचनालयातून विंदांनी मराठीत आणलेला ‘राजा लिअर’ही आण. परीक्षेत उपयोग नाही, पण विदूषक ऐकू यायला लागतो.

‘फॉस्टस’ची गोष्ट याहून गमतीची. तेही दोन रूपांत आहे: १६०४चा ए-पाठ आणि १६१६चा बी-पाठ. दोन्ही मार्लो गेल्यानंतरचे. तो १५९३मध्येच मारला गेला. बी-पाठात सहाशेहून जास्त ओळी जादा आहेत, त्यातल्या कितीतरी दुसऱ्यांच्या हातच्या मानल्या जातात. आता लक्ष दे. रोमा गिल यांनी न्यू मर्मेड्ससाठी १९६५मध्ये हे नाटक संपादित केलं ते बी-पाठावरून, आणि त्याच मालिकेसाठी १९८९मध्ये पुन्हा केलं ते ए-पाठावरून. मालिका तीच, बाई त्याच, नाटक तेच, पण आतला मजकूर वेगळा. ‘रोमा गिलचं आहे’ एवढ्यावर व्यवहार केला तर अर्धीच माहिती विकत घेतलीस.

सीनियरला सालाचं पान शोधायला लावायची गरज नाही. पात्रांच्या यादीत ब्रूनो आणि बेन्व्होलिओ ही नावं आहेत का, एवढंच विचार. ब्रूनो म्हणजे पोपचा प्रतिस्पर्धी, ज्याला फॉस्टस सोडवतो. बेन्व्होलिओ म्हणजे ज्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात तो सरदार. ही दोन्ही नावं असली की बी-पाठ. ए-पाठात ब्रूनोचं प्रकरणच नाही आणि शिंगवाल्या सरदाराला नाव नाही. शेवटही बघ: फॉस्टसला सैतान ओढून नेल्यावर दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना त्याचे छिन्नविच्छिन्न अवयव सापडतात, तो प्रवेश बी-पाठाचा. ए-पाठात त्याची किंकाळी संपते न संपते तोच सूत्रधारासारखा कोरस येऊन समारोप करतो. मला स्वतःला तोच शेवट जास्त झोंबतो. पण माझी आवड बाजूला ठेव. अभ्यासक्रमात कुठला पाठ लावलाय ते विभागात विचार. काहीच नमूद नसेल तर ए-पाठ घे, अलीकडचं बरंचसं लेखन त्यालाच धरून आहे.

‘डॉल्स हाऊस’ नको. कारण हायलायटर. पेन्सिलीचं काहीही चालतं, खोडता येतं आणि कधीकधी उपयोगीही पडतं. आधीच्या हुशार वाचकानं समासात लिहिलेला प्रश्न तुला आयता मिळतो. पिवळा रंग मात्र जात नाही, पातळ कागदातून मागच्या पानावर उतरतो, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं तेच तुझे डोळे वाचत राहतात. (एरवी बहुतेकांचा हायलायटर पहिल्या अंकातच दम टाकतो. तुझ्या सीनियरचा तिसऱ्यापर्यंत टिकला, म्हणजे मुलगी चिकाटीची आहे.) या नाटकाची नवी प्रत घ्यायलाही फार पैसे पडत नाहीत, कारण मागणी सतत असते. बघायचं ते अनुवादकाचं नाव. इब्सेननं १८७९मध्ये हे लिहिलं ते त्याच्या डॅनो-नॉर्वेजियनमध्ये. आपण वाचतो ते कुणाचं तरी इंग्रजी. फार स्वस्त प्रती बहुतेकदा विल्यम आर्चर यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या, हक्क संपलेल्या अनुवादाच्या असतात आणि त्यात टिपा जवळपास नसतात. मेथ्युएनच्या विद्यार्थी-आवृत्तीत मायकेल मेयर यांचा अनुवाद आहे आणि सोबत नीट टीपाटिप्पणी आहे. जुन्या बाजारात ती मिळाली तर सोडू नकोस. जर्मनीतल्या नटीनं ‘मी असल्या आईचं काम करणार नाही’ असा हट्ट धरल्यावर इब्सेननं स्वतःच १८८०मध्ये नायिका नोरा घरातच राहते असा दुसरा शेवट लिहून दिला आणि मग त्यालाच रानटी अत्याचार म्हटलं. ही हकीकत ज्या प्रतीच्या प्रस्तावनेत किंवा टिपांत सापडेल ती प्रत कामाची समज. माझी आपली ही चाचणी आहे, शास्त्र नाही.

‘शाकुंतल’ घेच. मोरेश्वर रामचंद्र काळ्यांनी संस्कृत नाटकांच्या ज्या आवृत्त्या केल्या त्यांना आजही तोड नाही, आणि मराठी माणसाला त्याचं कौतुक वाटावं तेवढं वाटत नाही. एका पुस्तकात मूळ संहिता, राघवभट्टाची टीका, इंग्रजी भाषांतर, टिपा आणि लांबलचक प्रस्तावना. एम.ए. इंग्रजीला तुला भाषांतर आणि टिपाच लागतील, पण शेजारी मूळ असलं की ‘निसर्ग आणि शकुंतला’ छापाच्या उत्तरात एखादा श्लोक नेमका टाकता येतो. शकुंतला, तिच्या सख्या आणि विदूषक प्राकृतात बोलतात. अशा ठिकाणी संस्कृत छाया, म्हणजे त्याच बोलण्याचं संस्कृत रूप, दिलेली असते. ती पानं शाबूत आहेत ना, बघ.

एक सावधगिरी. काळ्यांचा पाठ देवनागरी परंपरेतला. विल्यम जोन्स यांनी १७८९मध्ये ज्या भाषांतरानं युरोपला वेड लावलं ते बंगाली परंपरेच्या पोथीवरून केलेलं. त्यात तिसरा अंक लांबलेला आहे. नेटवरचं एखादं जुनं इंग्रजी भाषांतर आणि तुझं पुस्तक जुळेना झालं तर घाबरू नकोस, दोघांपैकी कुणी चुकलेलं नसेल.

कुरतडलेल्या कडांचं म्हणशील तर मजकुरापर्यंत दात पोचलेत का एवढंच बघायचं. जुन्या पुस्तकात मी आधी शेवट उघडते. टिपा मागे असतात आणि मागचीच पानं आधी गळतात. मग मधे कुठेतरी पृष्ठक्रमांक सलग आहेत का ते पाहायचं; पुस्तक सोळा किंवा बत्तीस पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं, त्यामुळे बांधणीत गफलत झाली तर एकदम सोळा पानं गायब किंवा दोनदा आलेली दिसतात. पाठीला गोंदानं चिकटवलेली जुनी पेपरबॅक असेल तर मधोमध हलकेच उघड. कडकन आवाज आला तर आज ना उद्या तिचे पत्ते होणार. आणि तू चिपळूणची, म्हणून आणखी एक. जुलै २०२१च्या पुरात भिजून वाळवलेली पुस्तकं अजून हातोहात फिरत असतील. पानं लाटांसारखी झालेली, खालच्या कडेला मातकट रेघ, उघडल्यावर कोंदट वास, असं काही दिसलं तर फुकटसुद्धा नको. त्यातली बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तिला पसरायला वेळ लागत नाही.

मुंबईचं म्हणशील तर मुद्दाम जाऊ नकोस. फाउंटनला, माटुंग्याला किंग्ज सर्कलला जुनी पुस्तकं आजही मिळतात, आणि त्या गठ्ठ्यांत हात घालण्यात जी मजा आहे ती आहेच. पण चार ठरावीक पुस्तकं ठरावीक संपादकांची हवी असतील तर फुटपाथ हा भरवशाचा रस्ता नाही. कुणाकडे लग्नाला वगैरे जाणार असशील तर तास काढ. पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौक बघ. नाहीतर ऑनलाइन माग, पण तिथले विक्रेते कंपनीचं चकचकीत चित्र लावतात आणि पाठवतात वेगळंच. आधी तीन फोटो मागवायचे: नावाचं पान, त्याच्या मागचं प्रकाशनाचं पान आणि मधलं कुठलंही एक. जो फोटो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. मागच्या आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकावरून, आवृत्ती पक्की करता येते; २००७च्या आधीच्या पुस्तकावर तो दहा आकडी असतो, त्यावरही शोध लागतो. पैसे देण्याआधी त्याच पुस्तकाची भारतीय आवृत्ती नवी केवढ्याला आहे तेही बघ. कागद पातळ असतो, मजकूर तोच असतो, आणि टपालखर्च धरला तर कधीकधी नवं जुन्यापेक्षा स्वस्त पडतं.

गाईड? परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, कथानक डोक्यात बसवायला, कुणाकडून तरी उसनं घे. विकत नको. नेटवरच्या फुकट ‘लिअर’पैकी फोल्जर ग्रंथालयाचा पाठ नीट संपादित केलेला आहे, मोबाइलवर शब्द शोधायला तो फार उपयोगी.

राहिली सीनियर. तिला नाही म्हणायचंच नाहीये. चारांचा गठ्ठा मोडायचा आहे, एवढंच. तिला असं लिही: ‘ताई, डॉल्स हाऊसची माझी सोय झाली आहे. बाकीची बघायला उद्या येऊ का? फॉस्टसच्या पात्रांच्या यादीचा एक फोटो पाठवशील?’ सोय झाली आहे हे खोटं नाही, ती तू करणारच आहेस. मदतीची जाणीव आहे म्हणून आठशे मोजायचे, असं करू नकोस. तिनं नोट्स दिल्या त्या वेगळ्या, हा व्यवहार वेगळा, आणि तीही तुझ्या जागी असती तर असंच म्हणाली असती. किमतीचं माझं माप असं: नव्या भारतीय प्रतीच्या निम्म्याच्या वर जायचं नाही, कव्हर नसेल तर एक-तृतीयांश. ‘शाकुंतल’ला मात्र घासाघीस करू नकोस. आणि ‘लिअर’मध्ये ती बारीक अक्षरं दिसलीच तर चेहऱ्यावर काही दाखवू नकोस, आधी भाव ठरव.